कमळ म्हणजे नेमके कोणते?

(भद्रावती येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



आपले गाव दोन नावांनी नांदते. रेल्वेने येणारा भांदक स्थानकावर उतरतो आणि तहसील कार्यालयात जाणारा भद्रावतीला पोचतो. इथल्या शाळकरी पोरालाही यात अडचण वाटत नाही, कारण दोन्ही नावांची जागा त्याच्या पायाखालची आहे. पण परगावी बसून इंग्रजी अमदानीतल्या कागदात 'भांदक' वाचणाऱ्या अभ्यासकाला हीच ती भद्रावती, हे कुणीतरी सांगावे लागते. नाव ठाऊक असणे आणि त्या नावाची वस्तू ठाऊक असणे, यांत अंतर असते. ते अंतर तोडण्यासाठी माणसाने काय काय केले, ते मी आज एका पाणवनस्पतीच्या आधाराने मांडणार आहे. ती वनस्पती म्हणजे कमळ.

ज्या विज्ञानशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते मुलांना तळ्याकाठी नेऊन शिकवत. म्हणून विषय तळ्यातला घेतला. दुसरे कारण अगदी व्यवहाराचे आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपरिषदेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायला हवी. राज्याचे जैवविविधता मंडळ आपल्या शेजारी, नागपुरात आहे. आता समजा, अशा वहीत कुणी लिहिले, 'तलावात कमळ आहे.' पुढच्या पिढीला या तीन शब्दांतून काय कळेल? माझे म्हणणे असे की, जवळजवळ काहीच कळणार नाही.

का, ते पाहू. मराठी घरात 'कमळ' हा शब्द किती झाडांना लावला जातो, हे मोजायला घेतले की थक्क व्हायला होते. देवीच्या हातातले गुलाबी फूल कमळ. पावसाळ्यानंतर तळ्यात तरंगणारे पांढरे, तांबडे, निळे फूलही कमळच. कुंपणावर चढणारी, जांभळ्या तंतूंचे चक्र असलेली वेल म्हणजे कृष्णकमळ; तिचा पाण्याशी काही संबंध नाही आणि तिची जात मूळची अमेरिकेतली. गच्चीतल्या कुंडीत रात्री उमलते आणि ज्याच्यासाठी शेजाऱ्यांना मुद्दाम बोलावणे जाते, ते आपले ब्रह्मकमळ. ते मेक्सिकोकडचे एक निवडुंग आहे. खरे, म्हणजे हिमालयातले ब्रह्मकमळ वेगळेच. ते सूर्यफुलाच्या कुळातले असून उत्तराखंडाचे राज्यपुष्प आहे. कमळाच्या जोडीने येणाऱ्या कुमुदिनीचीही हीच गत. साताऱ्याच्या कास पठारावर कुमुदिनी तलाव प्रसिद्ध आहे. त्यातली बारीक पांढरी, कडांना झालर असलेली फुले ज्या वनस्पतीची आहेत, तिचे शास्त्रीय नाव निम्फॉइडीस इंडिका. ती ना कमळाच्या कुळातली, ना काव्यातल्या कुमुदाच्या.

नावे देणाऱ्यांची यात चूक झाली, असे मी म्हणणार नाही. आपल्या लोकांना 'कमळ' म्हणताना पाकळ्यांची गोलाई, उमलण्याचा सोहळा, देवाला वाहण्याची योग्यता सांगायची होती. ते सगळे त्या शब्दात नीट उतरले आहे. फक्त त्या नावावरून झाड ओळखता येत नाही, एवढेच.

आता तळ्यातल्या दोन मुख्य वनस्पतींकडे वळू. आपल्या भागातल्या कुठल्याही तळ्याकाठी पाऊस संपल्यावर जाऊन उकिडवे बसा आणि एक पान हातात घ्या. पान पूर्ण गोल आहे, कुठेही चीर नाही आणि देठ पानाच्या खालून, बरोबर मधोमध जोडलेला आहे, असे दिसले की ते पद्म. त्याची कोवळी पाने पाण्यावर लोळतात, पण पुढची पाने हातभर वर उठून उभी राहतात. देठावर बोट फिरवले तर बारीक काटे लागतात. पानावर ओंजळभर पाणी टाका; त्याचे मणी होऊन ते घरंगळते आणि जाता जाता धूळही घेऊन जाते. देठ मोडून दोन्ही तुकडे हळूच ओढले, तर मधे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे निघतात. फूल गळून गेले की भोकाभोकांचा, शंकू उलटा धरावा तसा एक बीजकोश वर उरतो आणि एकेका भोकात एकेक बी बसलेले असते. बाजारात कमळगट्टा म्हणून मिळते ते हेच बी, आणि भाजीला येणारी कमळकाकडी म्हणजे याचेच चिखलातले खोड.

शेजारचे दुसरे पान उचला. कडेपासून देठापर्यंत एक चीर गेलेली आहे, पान पाण्यावर पसरलेले आहे आणि ते उठून उभे राहत नाही. हे कुमुद. कडा दातेरी आणि खालचा पृष्ठभाग लवदार असेल, तर ती निम्फिया प्युबेसेन्स. प्युबेसेन्स म्हणजेच लवदार. तिचे फूल तिन्हीसांजेला उमलते, रात्रभर जागते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढले की मिटते. निळसर फुलाची, दिवसा उमलणारी तिची बहीण निम्फिया नौचाली. या दोघींचे फळ पाण्याखाली पिकते आणि त्यात मोहरीसारखे बारीक बी असते. भोकांचा बीजकोश इथे शोधूनही सापडणार नाही.

जुन्या पंडितांना हा फरक पक्का माहीत होता. अमरकोशाच्या वारिवर्गात पद्माची नावे वेगळी आहेत आणि उत्पल, कुवलय, कुमुद, इंदीवर ही वेगळी. त्यातही निळे ते इंदीवर आणि पांढरे ते कुमुद. पद्माच्या एकेका भागाला स्वतंत्र नाव आहे. कंद तो करहाट, केसर ते किंजल्क, कोवळे पान ती संवर्तिका, बीजकोश तो वराटक. भद्रावती हे जैनांचे मोठे तीर्थ आहे, म्हणून एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. सहावे तीर्थंकर पद्मप्रभ यांचे लांछन तांबडे कमळ आणि एकविसावे नमिनाथ यांचे निळे कमळ. पद्म आपल्याकडे गुलाबी किंवा पांढरे असते, निळे कधी नसते. निळे फूल तळ्यातल्या दुसऱ्या घराण्याचे. म्हणजे ही दोन लांछने फक्त रंगाने वेगळी नाहीत. परंपरेने दोन वेगळ्या वनस्पती दोन तीर्थंकरांना दिल्या आहेत. मराठीत मात्र दोन्हींना आपण 'कमळ' म्हणून मोकळे होतो.

आता शास्त्रीय नावाची कथा. स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५३ साली 'स्पीशीज प्लान्टारम' हा ग्रंथ काढला आणि प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव देण्याची रीत तिथून रुळली. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. पण गमतीची बाब अशी की पद्माला त्याने नाव दिले निम्फिया नेलुम्बो. म्हणजे त्यानेही पद्म आणि कुमुद एकाच घरात घातले, जसे आपली आजी घालते तसेच. दहा वर्षांनी, १७६३ मध्ये, आदान्सॉन या फ्रेंच शास्त्रज्ञाने नेलुम्बो ही प्रजाती वेगळी काढली, आणि १७८८ मध्ये गेर्टनरने आजचे नाव दिले, नेलुम्बो न्युसिफेरा. न्युसिफेरा म्हणजे कठीण कवचाचे फळ धरणारी. कमळगट्टा दाताखाली धरून पाहिला की अर्थ लगेच उमगतो. आणि नेलुम्बो? हा शब्द लॅटिन नाही, ग्रीकही नाही. सिंहली भाषेत कमळाला नेलुम म्हणतात, त्यावरून तो आला. जगभरच्या प्रयोगशाळांत ज्या नावाने पद्म ओळखले जाते, त्याचा पहिला शब्द श्रीलंकेच्या तळ्याकाठच्या माणसांचा आहे.

हे अपवादाने घडलेले नाही. लिनियसने ज्या ग्रंथांचा आधार घेतला, त्यांत 'होर्टुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ होता. कोचीचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने तो करवून घेतला आणि १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. सातशेहून अधिक वनस्पतींची त्यात वर्णने आहेत. माहिती सांगणाऱ्यांत केरळचे वैद्य इट्टी अच्युतन होते आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट हे तीन कोकणी ब्राह्मण होते. चित्रांवर लॅटिन, मल्याळम आणि अरबी अक्षरांबरोबर नागरीतली कोकणी नावेही कोरली आहेत. आपल्या कोकणी भावंडांच्या तोंडची नावे साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या ग्रंथात गेली, आणि सोबत ती सांगणाऱ्यांची नावेही गेली. ही दुसरी गोष्ट मला पहिलीइतकीच मोलाची वाटते.

शास्त्रीय नावाचा उपयोग काय, असे कुणी विचारेल. दोन उदाहरणे देतो. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड इथे शास्त्रज्ञांनी कमळाच्या फुलाचे तापमान मोजले. बाहेर दहा अंशांपर्यंत थंडी पडली, तरी उमललेले फूल स्वतःला तीस अंशांच्या वर उबदार ठेवते, असे दिसले. त्याआधी चीनमध्ये कोरड्या पडलेल्या एका तळ्याच्या गाळातून निघालेले सुमारे तेराशे वर्षे जुने बी रुजल्याची नोंद झाली. या दोन्ही गोष्टी आपल्याच तळ्यातल्या पद्माबद्दल आहेत, हे मी इथे बसून खात्रीने सांगू शकतो, कारण दोन्ही निबंधांत नेलुम्बो न्युसिफेरा लिहिले आहे. नुसते 'लोटस' लिहिले असते तर? इजिप्तचे निळे लोटस म्हणजे कुमुदाची एक जात, आणि वनस्पतिशास्त्रात लोटस नावाची जी प्रजाती आहे ती चक्क वाटाण्याच्या कुळातली. घोळ फक्त मराठीत आहे, असे समजू नका.

नाव नात्याचाही शोध सांगते. पद्म आणि कुमुद दिसायला इतके सारखे, पण गेल्या काही दशकांत जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा कळले की पद्माचे जवळचे नातलग पाण्यात नाहीतच. काश्मीरचा चिनार आणि रस्त्याच्या कडेला लावतात तो सिल्व्हर ओक, ही त्याची भावकी. कुमुद मात्र फुलझाडांच्या अगदी जुन्या फांदीवर राहिले. आणि मखाणा, जो पुष्कळ घरांत कमळाचे बी म्हणून खाल्ला जातो, तो मिथिलेच्या तळ्यांतल्या युरायली फेरॉक्स या काटेरी वनस्पतीचा. ती कुमुदाच्या घरातली, पद्माच्या नव्हे. सारख्या पाण्यात राहून दोन परकी घराणी एकमेकांसारखी दिसू लागली, हे सृष्टीचे रहस्य 'कमळ' या एका शब्दाखाली झाकले जाते. ते उघडायला दोन वेगळी नावे लागतात.

इथपर्यंत ऐकून कुणाला वाटेल की मी शास्त्रीय नावाचा वकील म्हणून आलो आहे. तसे नाही. शास्त्रीय नावही बदलते आणि काही ठिकाणी तेही आंधळे असते.

जलपर्णीचे उदाहरण घ्या. चंद्रपूरच्या रामाळा तलावाने तिचा जाच सोसला आहे. आपल्याकडच्या बातम्यांत तिला सर्रास 'इकॉर्निया' म्हणतात. आयकहॉर्निया क्रॅसिपेस हे तिचे शास्त्रीय नाव, प्रशियाच्या एका मंत्र्याच्या सन्मानार्थ ठेवलेले. लोकांनी त्याचे इकॉर्निया केले आणि ते बोलीभाषेत रुळले. तोवर २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी ती प्रजातीच मोडली आणि वनस्पतीला तिच्या एकोणिसाव्या शतकातल्या पहिल्या घरी, पाँटेडेरियात, परत पाठवले. शास्त्राने सोडलेले नाव लोकांनी धरून ठेवले आहे. तिला काही जण जलकुंभीही म्हणतात, पण जलकुंभी हे पिस्टिया या दुसऱ्या तरंगत्या वनस्पतीचेही नाव आहे.

भाताचे उदाहरण तर आपल्या घरचे. ओरायझा सटायव्हा या एका शास्त्रीय नावाखाली पूर्व विदर्भातले सगळे धान येते. लुचई आणि चिन्नोर यांत फरक काय, हे ते नाव सांगू शकत नाही. आपली बाई मूठभर तांदूळ हातात घेऊन सांगते. याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तिथल्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये 'पटेल ३' वाणाच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्या निवडून वर्षानुवर्षे वाढवल्या आणि एक नवा बारीक तांदूळ तयार केला. व्यापाऱ्याने त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी नाव दिले. तांदूळ राज्याबाहेर गेला, नाव सर्वतोमुखी झाले. पण ज्याच्या नजरेने तो निवडला, त्याचे नाव त्या तीन अक्षरांत कुठेच नव्हते. २०१८ मध्ये दादाजी गेले. नाव टिकते आणि त्यामागचे कष्ट पुसले जातात, याचे याहून जवळचे उदाहरण आपल्याकडे नाही.

आणि तळ्याकाठची बेशरम. शास्त्रीय नाव आयपोमिया कार्निया. कार्निया म्हणजे मांसाच्या रंगाची, फुलाच्या गुलाबी छटेवरून. ती मूळची दक्षिण आणि मध्य अमेरिकेतली. शास्त्रज्ञाने फूल पाहिले. आपल्या लोकांनी वागणूक पाहिली. तोडून फेकलेला तुकडा जिथे पडेल तिथे मूळ धरतो, गुरे तोंड लावत नाहीत आणि तळ्याची कड बघता बघता गिळली जाते. ज्याला ते तळे राखायचे आहे, त्याला लोकांनी दिलेले नाव जास्त उपयोगी पडते. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाबरोबर जुन्या तलावांवर काम केले. बेशरम उपटली, तळ नांगरला आणि माशांना, पाखरांना लागणाऱ्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कोणती वनस्पती कुठल्या माशाला हवी, हे ज्ञान ढीवरांच्या तोंडी होते, त्यांच्या नावांसह. त्यांची शास्त्रीय ओळख जुळल्यावर ते इतरांनाही वापरता येते. दोन्ही हात लागले, तेव्हा तळे सुधारले.

मग आपल्या भागातली नावे ग्रंथांत का नाहीत? कारण इतिहासात आहे. मराठी वनस्पतिनामांसाठी अभ्यासक आजही थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ उघडतात. तो १९०१ ते १९०८ या काळात निघाला. पण चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर, जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हताच. तो मध्य प्रांतात होता. साहजिकच त्या ग्रंथातली मराठी नावे कोकण-देशावरची आहेत. पूर्व विदर्भाच्या झाडीबोलीतली, ढीवरांची, गोंडी आणि माडिया भाषांतली नावे त्यात यायला वाटच नव्हती. गोंड राजांच्या काळापासून तळी बांधणाऱ्या आणि राखणाऱ्या मुलखाची नावे वहीबाहेर राहिली. १९५० नंतर मालगुजारी ही जमीनदारीची पद्धत गेली, तळ्यांना 'माजी मालगुजारी' हे नवे नाव मिळाले, त्यांची देखभाल करणारी जुनी व्यवस्था मोडली. आणि तळ्याशी रोजचा संबंध तुटला, की त्यातल्या झाडांची नावे घेणारी तोंडेही कमी होतात.

म्हणून माझा आग्रह नोंदवहीच्या रकान्यांबद्दल आहे. प्रत्येक पाणवनस्पतीपुढे पाच गोष्टी लिहाव्यात. एक, नाव जसे उच्चारले जाते तसेच, प्रमाण मराठीत न सुधारता. दोन, ते कोणत्या बोलीतले, कोणत्या समाजातले. तीन, ओळखीची खूण आणि उपयोग: पानाला चीर आहे का, फूल कधी उमलते, काय खातात, कशासाठी टाळतात. चार, जाणकाराकडून तपासून घेतलेले शास्त्रीय नाव, सोबत वाळवलेला नमुना आणि छायाचित्र. पाच, सांगणाऱ्याच्या संमतीने त्याचे किंवा तिचे नाव. चौथा रकाना गाळला तर वही बाहेरच्या जगाला वाचता येणार नाही. पाचवा गाळला तर एचएमटीचीच कथा पुन्हा घडेल. आणि पहिले तीन गाळले, तर वही गावाची उरणारच नाही.

हे काम गावाला जमेल का, अशी शंका कुणी घेऊ नये. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगट करून आपले जंगल स्वतः समजून घेतले आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. त्या गावाकडे विद्यापीठ नव्हते. एकत्र बसून विचारायची आणि लिहून ठेवायची सवय होती.

हे न केल्याने नुकसान काय होते, तेही बोलले पाहिजे. तलाव सुशोभीकरणाच्या कागदात 'कमळ लागवड' असे दोनच शब्द असले, तर रोपवाटिकेतून कुमुदाचे शोभेचे संकर आणून लावले, तरी कागद खोटा ठरत नाही. मग कमळकाकडी निघत नाही, कमळगट्टा मिळत नाही, आणि तळ्यातले मूळचे पद्म संपले तरी वहीत कमळ शिल्लकच दिसते. एका मोघम शब्दाच्या आड एक संपूर्ण वनस्पती नाहीशी होऊ शकते, आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

शाळांना, महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला, मच्छीमार संस्थांना आणि नगरपरिषदेच्या समितीला माझी विनंती आहे. डोलारा तलावातल्या जुन्या दगडी पुलाची आपण अभिमानाने नोंद ठेवतो. त्याच पाण्यात आज काय उगवते, याची नोंद यंदाच्या पावसाळ्यानंतर एकदा आणि उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर एकदा करा. विद्यार्थ्याने विचारावे, ढीवर काकांनी आणि आजीने सांगावे, प्राध्यापकाने तपासावे. असे दोन वर्षे चालले, तर तालुक्यातल्या तळ्यांतल्या वनस्पतींची नावे सांगणारी पहिली विश्वासाची वही भद्रावतीत तयार होईल, आणि पुढे येणारा प्रत्येक अभ्यासक, तो पुण्याचा असो की ॲडलेडचा, ती मागायला इथे येईल. ते काम आपण हाती घ्यावे, एवढे मागून मी थांबतो.